हात न देण्याचा नियम

अक्का जमिनीवर बसलेल्या सापडल्या तेव्हा त्या कालचा पेपर वाचत होत्या. पाठ दिवाणाला टेकलेली, पाय समोर पसरलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी ऑफिसातून आले, चपला काढल्या, डबा घासायला टाकला आणि जाता जाता विचारलं, "आज खाली बसलात?"

"बसलेय," त्या म्हणाल्या.

मी चहा ठेवला. चहा झाला तरी त्या टेबलाशी येईनात म्हणून कप घेऊन बाहेर गेले, तेव्हा पेपरच्या मागून आवाज आला, "दुपारपासून बसलेय गे. उठता येईना. डब्याचं झाकण दिवाणाखाली गेलं होतं. झाकण मिळालं, पण मी राहिले खालीच."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले सगळेच त्यांना अक्का म्हणतात, माझा नवराही. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी या मुलखात आलं आणि बंगळूरचंच होऊन गेलं. घरात मराठी बोलतात, पण पुण्याहून लग्न होऊन आलेल्या मला ती सुरुवातीला अर्धीच कळायची. 'थोडं'च्या जागी 'स्वल्प', 'बरं'च्या जागी 'सरी'. आता मीही तशीच बोलते आणि माझी बहीण फोनवर हसते.

त्या संध्याकाळी नवऱ्याने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून अक्कांना उचललं. उचललं म्हणजे अक्षरशः उचललं. त्यांच्या पायांनी त्या कामात काहीच भाग घेतला नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढले. काहीही मोडलं नव्हतं. आम्हाला इतकं हायसं वाटलं, की आम्ही त्यांना विश्रांती देऊन टाकली.

मी याद्या करणारी बाई आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली नेहमी एक तरी यादी असते, आणि कामापुढे बरोबरची खूण करताना मला जे सुख होतं ते लोकांना गाण्याबजावण्यात होत असेल. तेव्हा मी 'अक्का' असा मथळा देऊन यादी केली. न्हाणीघरात दांडा. पायपुसणी काढून टाकणे. पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या, औषधं, बिस्किटांचा डबा, रेडिओ, सगळं हाताशी. एकेक काम झालं, एकेक खूण झाली. सगळं हाताशी आल्यामुळे अक्कांना उठायचं कारणच उरलं नाही. आधी त्या पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या, तिथे उगाच दोन भांडी इकडची तिकडे करायच्या, खिडकीतून समोरच्या घरी कोण आलंय ते बघायच्या. ते सगळं बंद झालं. उन्हाळा संपेपर्यंत त्यांना खुर्चीतून उठायलाही कुणाचा तरी हात लागायला लागला.

आणि त्यात अटेंडंट बाई आल्या. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. मी इंदिरानगरच्या ऑफिसात, नवरा त्याहून लांब. घरी कुणीतरी हवंच होतं. बाई चांगल्या होत्या, वेळेवर यायच्या, स्वच्छ होत्या, कानडी आणि थोडं हिंदी बोलायच्या. त्यांचा एकच दोष होता आणि तो म्हणजे त्या काम चोख करायच्या. 'अज्जींवर लक्ष ठेवा' असं त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या अक्कांच्या समोर स्टूल ठेवून बसायच्या आणि लक्ष ठेवायच्या.

"दूध उतू जाईल म्हणून बघत बसतात, तशी बघते," अक्का मला म्हणाल्या. "न्हाणीघराच्या दाराशी उभी राहते आणि आतून आवाज नाही आला की हाक मारते. मी काय आत गाणं म्हणू?"

एका रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. बाईंना रविवारची सुट्टी असायची. "तिला काढा," त्या म्हणाल्या.

"का? काय केलं त्यांनी?" नवऱ्याने विचारलं.

"काही केलं नाही. माझी दुपार मला परत पाहिजे."

हे मला लगेच कळलं. सासरे गेल्यापासून, आम्ही सकाळी घराबाहेर पडलो की जे. पी. नगरचं हे तळमजल्याचं घर संध्याकाळपर्यंत एकट्या अक्कांचं असायचं. त्या रेडिओ मोठ्याने लावायच्या. दहीभात पातेल्यातूनच खायच्या. कपाटं उघडून सगळं जमिनीवर मांडायच्या आणि आम्ही यायच्या आत परत आवरून ठेवायच्या. मला हे माहीत होतं कारण माझ्या ओळीने लावलेल्या बरण्या संध्याकाळी दुसऱ्याच ओळीत असायच्या. त्यावरून आमच्यात बोलणंही व्हायचं. पण दुपार त्यांची होती, हे मान्य होतं.

"आणि परत पडलीस तर?" नवरा म्हणाला.

"पडले नव्हते. बसले होते."

"बसलीस, मग उठली का नाहीस?"

अक्कांनी पानातली कोशिंबीर इकडची तिकडे केली.

"असं करू," विषय संपवायचा म्हणून नवरा म्हणाला, "ज्या दिवशी तू जमिनीवरून तुझी तू उठशील, कुणाच्या मदतीशिवाय, त्या दिवसापासून बाईंना सुट्टी. दुपार तुझी."

"सरी," अक्का म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं, विषय संपला. मला तसं वाटलं नाही, कारण अक्कांनी पान तसंच ठेवून मला विचारलं, "तुझ्या त्या यादीत हे लिहितेस का?"

लिहिलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, दोन गोळ्या कमी केल्या आणि म्हणाले, "हाडं ठीक आहेत, स्नायू गेलेत. यांना विश्रांती नको, वजनं उचलायला लावा. पण घरी मनाने नाही. कुणाच्या तरी देखरेखीखाली." आमच्या घरापासून रिक्षाने जवळच एक फिजिओथेरपीचं ठिकाण होतं. तिथे आठवड्यातून दोनदा वयस्कर लोकांचा ताकदीच्या व्यायामाचा वर्ग चालायचा. मी फोन केला, वेळ घेतली, दोन्ही दिवशी घरून काम करायची परवानगी काढली.

वर्ग घेणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या पुतणीच्या वयाची होती. मनगटावर घड्याळ, पायात बूट, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. मला ती पाहताक्षणी आवडली. तिच्या भिंतीवर प्रत्येकाच्या व्यायामाचा तक्ता लावलेला होता. तक्ता बघून मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसायचं हं. नातेवाईक काचेच्या पलीकडे."

पहिल्या दिवशी तिने अक्कांना हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायला सांगितलं. अक्का पुढे झुकल्या, चेहरा लाल झाला, आणि होत्या तिथेच राहिल्या. फिजिओने खुर्चीवर एक जाड उशी ठेवली. तरी नाही. आणखी एक ठेवली. मग अक्का उठल्या.

"इथून सुरुवात," ती म्हणाली. "उशा काढत जाऊ."

"डॉक्टरम्मा, या वयात लोखंड उचलायचं म्हणजे लोक हसतील," अक्का म्हणाल्या.

"कोण लोक, अज्जी? इथे सगळे तुमच्याच वयाचे आहेत. त्यांना हसायला दम उरत नाही."

हे खरं होतं. काचेतून मला दिसायचं: कुणी घोट्याला वजनाचा पट्टा बांधून खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करतंय, कुणी दांडा धरून टाचा उचलतंय, कुणी रबरी पट्टा ताणतंय, कुणी लाकडी पायरीवर चढतंय, उतरतंय. फिजिओ प्रत्येकाजवळ जाऊन विचारायची, "शेवटचं जड गेलं का?" जड गेलं नाही म्हटलं की ती वजन वाढवायची. फार जड गेलं म्हटलं, किंवा श्वास रोखलेला दिसला, की थांबवायची, बसवायची, नाडी बघायची. ती सतत हात पुढे करून उभी असायची, पण हात लावायची नाही. हे मला त्या वेळी नीट लक्षात आलं नाही.

वर्गात अक्कांच्या शेजारची जागा एका निवृत्त गणिताच्या शिक्षकांची होती. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणायचे, म्हणजे मास्तर. ते वॉकर घेऊन यायचे, तो भिंतीशी ठेवायचे आणि मग साऱ्या वर्गासाठी मोठ्याने आकडे मोजायचे. मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मेष्ट्रु," एकदा अक्का म्हणाल्या, आणि हे मला काचेबाहेरही ऐकू आलं, "तुमचा पाय वर असला की पाचानंतर आठ येतं. माझा वर असला की पाचानंतर परत पाच."

"अम्मा, दुसऱ्यासाठी मोजताना काळजीपूर्वक मोजावं लागतं," मेष्ट्रु म्हणाले.

घरी परत येताना रिक्षात अक्का त्यांच्यावर चिडलेल्या असायच्या आणि पुढच्या वर्गाच्या दिवशी वेळेच्या आधी तयार होऊन बसायच्या.

मधल्या दिवशी घरी करायला थोडासा व्यायाम दिलेला होता. त्यातला एक घोट्याला वजन बांधून करायचा. पट्टे विकत आणायला हरकत नव्हती, पण फिजिओ म्हणाली, कापडी पिशवीत धान्य भरलं तरी चालेल, वजन मी सांगेन तेवढं ठेवा. मला असं काम मिळालं की बरं वाटतं. जुन्या चादरीच्या लांबट पिशव्या शिवल्या, काट्यावर तोलून तूरडाळ भरली, बांधायला नाड्या लावल्या, डावा-उजवा लिहिलं. फिजिओला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

दोन आठवड्यांत अक्कांचा पाय घरी असा सहज वर जायला लागला, की त्या एकीकडे बाईंशी गप्पा मारायच्या. "बघ," मला म्हणायच्या, "काही वाटतच नाही." वर्गात मात्र तेवढ्याच वजनाचा पट्टा बांधला की त्यांचा पाय अर्ध्यात थरथरायचा. फिजिओ मला म्हणाली, "घरी नीट करतात ना?" मी म्हटलं, माझ्यासमोर करतात. ती म्हणाली, "मग वजन बघा."

घरी येऊन पिशव्या उचलल्या. त्या लुळ्या लोंबत होत्या. काट्यावर ठेवल्या तर निम्म्याहून कमी.

"अक्का, यातली डाळ कुठे गेली?"

"सारात."

"सारात?"

"अगं, चांगली डाळ पायाला बांधून किती दिवस ठेवायची? पोरकिडे झाले असते. म्हणून रोज एक मूठ पिशवीतली घ्यायची, डब्यातली नाही. जुनी आधी संपवावी की नको?"

अटेंडंट बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सार करायला त्यांनीच रोज पिशवीची शिवण उसवून परत घातली होती. "त्यांनी सांगितलं म्हणून," त्या म्हणाल्या, "आणि सार छान होत होतं."

नवरा म्हणाला, "म्हणजे आम्ही इतके दिवस अक्काच्या पायाची डाळ खात होतो?"

"कापडात होती!" अक्का म्हणाल्या.

मी पिशव्यांत वाळू भरली. वाळू बघून अक्का म्हणाल्या, मी काय बांधकामावरचं गाढव आहे? पण बांधली. पहिल्या दिवशी पाय अर्धाच वर गेला आणि त्यांचं तोंड उतरलं. इतके दिवस आपण पुढे जातोय असं वाटत होतं, ते सगळं सारात गेलं होतं. त्या दिवशी त्या बाईंशी बोलल्या नाहीत, माझ्याशीही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी न सांगता त्यांनी पिशव्या मागितल्या.

तरीही एक गोष्ट जमत नव्हती. वर्गात उशा संपल्या होत्या. अक्का साध्या खुर्चीतून हात न टेकता उठत होत्या, मेष्ट्रुंच्या मोजण्याला टक्कर देत. आणि घरी त्याच अक्का सोफ्यातून उठायच्या म्हटल्या की 'अय्यो' करून हात पुढे करायच्या. एकदा वर्ग संपल्यावर त्या बाहेर आल्या, चपला घालायला बाकावर बसल्या. मग उठायच्या बेताने पुढे झाल्या आणि मी हातातली पिशवी खाली ठेवून त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं. काहीही न ठरवता. फिजिओ दाराशी उभी होती.

"हा व्यायाम कुणाचा झाला?" तिने विचारलं.

"अं?"

"आत्ता. अज्जींचा की तुमचा?"

मी म्हटलं, अहो, त्या उठत होत्या म्हणून हात दिला.

"उठत होत्या म्हणूनच नको द्यायला. माझ्यासमोर त्या रोज उठतात. घरी किती जण आहेत हात द्यायला?"

मी मोजलं. मी, नवरा, बाई. शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक जण. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने उठायची नुसती हालचाल केली तरी खोलीतले सगळे हात पुढे होतात. पेपर टाकायला आलेला माणूससुद्धा देईल. कुणी दिला नाही तर तो उद्धट ठरेल. मी हे तिला सांगितलं.

"उद्धट व्हा," ती म्हणाली. "जवळ उभं राहा. तोल गेला तर धरा. पण आधी नाही. हात खिशात घाला."

"साडीला खिसा नसतो," मी म्हटलं.

"मग हातात काहीतरी धरा."

त्या संध्याकाळी फ्रिजवर नवा नियम लागला: अक्का उठत असतील तेव्हा प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काहीतरी असावं. हा नियम वाचायला सोपा आणि पाळायला भलताच अवघड निघाला. अक्का सोफ्यात पुढे सरकल्या की सगळ्यांची धावपळ व्हायची, त्यांच्याकडे नाही, हातात काय धरायचं ते शोधायला. नवरा दोन्ही हातांत उशा घेऊन उभा राहायचा. बाई ताट आणि वाटी. मी बहुतेक वेळा फोन आणि चार्जर. अक्का मधोमध, गुडघ्यांवर तळवे ठेवून, आमच्याकडे बघत म्हणायच्या, "नाटक कंपनी उभी राहिली बघ," आणि उठायच्या. पहिल्या दिवशी तीनदा परत बसल्या. मला घाम फुटला, त्यांना नाही. दोन-तीन आठवड्यांनी मात्र त्या उठल्या हे आमच्या लक्षातही येईनासं झालं. एकदा नवरा दोन उशा कवटाळून उभा होता आणि अक्का कधीच स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

खुर्ची जमली, म्हणून वर्गात जमीन सुरू झाली. गादी अंथरून, शेजारी भक्कम खुर्ची, अक्कांच्या कमरेला रुंद पट्टा आणि तो फिजिओच्या हातात. आधी नुसतं कुशीवर वळायचं. मग कोपरावर, मग तळहातांवर, मग गुडघ्यांवर. मग खुर्चीपर्यंत रांगत जायचं. "लहान बाळासारखं," अक्का पुटपुटल्या. मग खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाऊल पुढे, आणि जोर. एकेका पायरीला आठवडा गेला. शेवटच्या पायरीला त्याहून जास्त. दसरा झाला, दिवाळी आली आणि गेली. डिसेंबरातल्या एका वर्गात फिजिओने पट्टा काढून बाजूला ठेवला. अक्का उठल्या. पुढच्या वर्गात परत उठल्या. मेष्ट्रुंनी आकडे न मोजता टाळ्या वाजवल्या.

"आता घरी करून बघायला हरकत नाही," फिजिओ मला म्हणाली. "खुर्ची भिंतीला टेकवा. तुम्ही जवळ थांबा. आणि घरच्यांना सांगा."

घरच्यांना म्हणजे नवऱ्याला. रविवारी सकाळी अक्कांनी केस विंचरले, चांगली सुती साडी नेसल्या, पदर कमरेला खोचला. बाईंना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, रविवार असूनही. मी खुर्ची भिंतीला लावली, सतरंजी अंथरली. अक्का खुर्ची धरून हळूहळू खाली बसल्या. पाय पसरले. आमच्याकडे बघितलं. मग कुशीवर वळल्या.

कोपर. तळहात. गुडघे. खुर्ची. बैठकीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी उजवं पाऊल पुढे टाकलं आणि जोर दिला. शरीर अर्धं वर आलं आणि तिथे थांबलं. पाय थरथरायला लागला. दोन श्वास गेले असतील, आणि माझा नवरा एका ढांगेत पुढे झाला, आईच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं.

"झालं! उठलीस!" तो म्हणाला.

अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो दोन पावलं मागे सरकला.

"मी उठत होते."

"अक्का, तू हलत होतीस."

"हलल्याशिवाय उठतं कोण?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! सगळ्यांना काहीतरी वाटतं. मी सहा महिने वाळू बांधून फिरले ते तुला वाटावं म्हणून?" त्यांचा आवाज चिरका झाला आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांना रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. हा त्यांतला एक प्रसंग होता. नवरा तिथेच हात खाली सोडून उभा राहिला. त्याला काय म्हणणार? आई थरथरत होती आणि हे बघून तो नुसता उभा राहू शकला नाही. मीही पुढे झाले असते. माझ्या हातात तांब्या होता म्हणून थांबले.

"हे धरायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "परत कर. मी हलणार नाही."

"तू हलणारच," अक्का म्हणाल्या.

त्या पाणी प्यायल्या, खुर्चीत बसून त्यांनी दम खाल्ला. मग उठून, एकट्या, स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आतून बाईंना हाक आली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सकाळच्या साराचं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं; उरलेल्या साराच्या वर पाणी ओतून भरलेलं. मागून अक्का आल्या.

"धर," त्यांनी मुलाला सांगितलं. "झाकण नाही. सांडलंस तर तूच पुसायचं. फडकं मी देणार नाही."

नवऱ्याने पातेलं दोन्ही हातांनी धरलं. सार त्याच्या अंगठ्यापर्यंत आलं होतं. तो श्वाससुद्धा जपून घेत होता. बाईंनी स्वतःहून ताट आणि वाटी घेतली. मी तांब्या.

अक्का परत खाली बसल्या. कुशीवर वळल्या. या वेळी कुणाकडेही बघितलं नाही. कोपर, तळहात, गुडघे. खुर्चीवर हात. पाऊल पुढे. जोर. परत शरीर अर्ध्यात थांबलं, परत तो पाय थरथरायला लागला, आणि माझ्या शेजारी पातेल्यातलं सार एका बाजूला कललं आणि नवऱ्याच्या पायावर ओघळलं. तो "अक्का" म्हणाला, पण हलला नाही. हलला असता तर सगळं सांडलं असतं. बाईंनी वाटी छातीशी धरली होती आणि कानडीत हळूच म्हणत होत्या, वर, अज्जी, वर. अक्कांच्या मानेवरची शीर दिसत होती. मग त्यांनी नाकाने मोठा श्वास सोडला, अगदी फिजिओ सांगते तसा, दुसरा गुडघा सतरंजीवरून सुटला, पाय पायाशेजारी आला, पाठ सरळ होत गेली, आणि खुर्चीवरचे हातही सुटले.

त्या उभ्या होत्या. पदर अजून कमरेला खोचलेला होता.

हातातलं खाली ठेवायचं कुणालाच सुचेना.

"पुस," अक्का मुलाला म्हणाल्या.

त्याने पुसलं. जमिनीवर बसून, दोन्ही हातांनी, आणि मध्येच हसायला लागला. मग मी हसले, मग बाई, आणि शेवटी अक्काही, पण त्या खुर्चीत बसून, कारण पाय अजून थरथरत होते.

बाईंचं पुढे काय, हा प्रश्न माझ्या यादीत होता, पण तो बाईंनीच सोडवला. मागच्या गल्लीतल्या एका घरी त्यांना दोन महिन्यांपासून बोलावत होते. "तिथल्या अज्जी पलंगावरून उठत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना वाळूच्या पिशव्या दाखवते. डाळीच्या नको." जाताना अक्कांनी त्यांना साडी दिली, आणि रोज बघत बसायचं असेल तर टीव्ही बघ, असंही सांगितलं.

वर्ग सुरूच आहे. ते आमच्या तिघांचं आणि फिजिओचं ठरलेलं आहे, त्यात वाद नाही. पण दुपारी घरी कुणी नसतं.

पहिल्या आठवड्यात मी ऑफिसातून फोन करायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं. दुसऱ्या आठवड्यात, जानेवारीतल्या एका दुपारी, न राहवून केला. फोन वाजत राहिला, बंद झाला. परत केला. वाजला, बंद. तिसऱ्यांदा केला तेव्हा मी उभी राहिले होते, लॅपटॉप बंद केला होता, पर्स खांद्याला होती आणि शेजारच्या सहकाऱ्याला सांगत होते की मला घरी जावं लागेल. इंदिरानगरहून जे. पी. नगरला त्या वेळी पोचायला किती वेळ लागेल याचा हिशोब डोक्यात सुरू होता. न्हाणीघर, दिवाण, गॅस, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

मी लिफ्टपाशी होते तेव्हा फोन वाजला.

"काय गे?" अक्का म्हणाल्या. मागे रेडिओ मोठ्याने लागलेला होता.

"कुठे होता तुम्ही?"

"कुठे असणार? जमिनीवर. अवरेकाईच्या शेंगा आणल्यात ढीगभर, पसरून सोलत बसलेय. तुझा फोन वाजला की उठते, उठेपर्यंत बंद होतो. परत बसते, परत वाजतो. दोनदा उठले तुझ्या पायी. तिसऱ्यांदा उठल्यावर म्हटलं, आता बसतच नाही, मीच करते." त्या किंचित धापा टाकत होत्या आणि तो आवाज मला वर्गाच्या काचेतून ओळखीचा झाला होता. "पुढच्या वेळी स्वल्प जास्त वाजव की."

"बरं," मी म्हटलं.

"आणि येताना खोबरं आण. ठेवू?"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला, कारण निम्म्या शेंगा अजून सोलायच्या राहिल्या होत्या.